बारा व्होल्ट म्हणजे पोरखेळ

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. मी मोठा आजच झालो, दुपारी, जेवणाच्या सुट्टीत.

झालं असं. आमच्या शेडमध्ये जुन्या व्हॅनचे कॅम्पर होतात. म्हणजे गाडीच्या पोटात पलंग, शेगडी, बेसिन, कपाटं. माणसाने घर पाठीला लावून गोगलगायीसारखं फिरावं. मी इथे आल्यापासून पॉलिश पेपर मारतोय. कपाटाचं दार घासायचं, भुसा खायचा, दुसरं दार घ्यायचं. तर आमचा वायरमन दुसऱ्या कंपनीत पळाला. मालक डोक्याला हात लावून बसले, आता त्या रेडिओवाल्या म्हाताऱ्याच्या गाडीचं कनेक्शन कोण करणार म्हणून. मी म्हणालो, मी. घास गिळायच्या आधी म्हणालो, त्यामुळे दोनदा म्हणावं लागलं.

मालकांनी विचारलं, तुला येतं का रे? म्हटलं, इकडे यायच्या आधी आमच्या अख्ख्या घराचं वायरिंग मी एकट्याने केलंय, आजतागायत एक तक्रार नाही. शंभर टक्के खरं. आई दर रविवारी फोनवर असते, एका शब्दाने तक्रार केलेली नाही.

सुतारदादा रंधा थांबवून म्हणाला, मालक, आधी शेडचा विमा काढा.

जळतो. सुताराला लाकडापलीकडे जग नाही.

ठरलं असं: गाडी २१ तारखेला निघणार. काम नीट झालं तर वायरमनचं खिडकीजवळचं टेबल माझं आणि पॉलिश पेपर कायमचा बंद. नाही झालं तर, मालक म्हणाले, तू आणि पॉलिश पेपर, तुमची जन्माची गाठ.

संध्याकाळी आईला फोन केला. हेड वायरमन झालो म्हणून सांगितलं. थोडं आधी सांगितलं, एवढंच. आईला काहीतरी बोलायचं होतं, घरातल्या दिव्यांचं काहीतरी. म्हटलं, आई, आता नको, डोक्यात करंट आहे.

४ मार्च, मंगळवार
रेडिओवाला म्हातारा आला. मी त्याचं नाव कॅप्टन ठेवलं. जहाजावर होता, पण कॅप्टन नव्हता, वायरलेसवाला होता. मिशा मात्र कॅप्टनच्या आहेत. सोबत बायको. त्यांना मी काकू म्हणतो. गाडी तयार होईपर्यंत दोघं आमच्याच आवारात, गाडीतच राहणार.

मग निघणार, जिथे मोबाइलला रेंज नाही तिकडे. म्हणून दोन वायरलेस सेट. लहान, जवळपासच्या गाड्यांशी बोलायला. मोठा, थेट समुद्रापार. जहाजावरचे जुने सोबती देशोदेशी पांगलेत आणि रोज सकाळी चहाच्या वेळी हवेत जमतात. हजेरी घेतात, शाळेसारखी. त्यात कॅप्टनचा जुना साहेब आहे. कुठल्याशा डोंगरात एकटा असतो, कानाने कमी. कॅप्टनने हजेरी दिल्याशिवाय चहाला तोंड लावत नाही, असं काकू म्हणाल्या. आणि हेही म्हणाल्या की लग्नाच्या बायकोच्या चहाची कोणी अशी वाट पाहिली नाही.

कॅप्टन मला पुष्कळ वेळ समजावत होता. बॅटरी, वायरची जाडी, फ्यूज कुठे, जोड कसा दाबायचा. मी सबंध वेळ मान हलवत होतो. मान हलवायला ऐकावं लागत नाही.

त्याने स्वतःची वायर आणली आहे. लाल आणि काळी, करंगळीएवढी जाड! मनात हसलो. घरात केवढे व्होल्ट असतात, तिथे याच्या निम्मी वायर पुरते. इथे व्होल्ट किती, तर बारा. म्हाताऱ्याला कुणातरी दुकानदाराने गंडवलंय. बारा व्होल्ट म्हणजे पोरखेळ. हात लावला तर गुदगुल्यासुद्धा होत नाहीत. लावून पाहिला.

६ मार्च, गुरुवार
जाड वायर वाकत नाही. कपाटामागून न्यायला गेलो तर नागासारखी फणा काढते. एक दार बिजागरीतून निखळलं. सुतारदादाने माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

निर्णय घेतला. हेड माणसाला घ्यावे लागतात. अडगळीत स्पीकरची उरलेली वायर सापडली. बारीक, पांढरी, गुणी. सांगाल तिथे वाकते. तीच टाकणार. कपाटामागे गेली की दिसतसुद्धा नाही. चांगलं वायरिंग म्हणजे न दिसणारं वायरिंग. हे वाक्य माझं आहे. टेबल मिळालं की वर भिंतीवर लिहून लावणार.

जाड वायर वाया जाऊ दिली नाही. शेडच्या मागे दोन खांबांना ताणून बांधली, कपडे वाळत घालायला. ओल्या चादरीचं वजन घेते पण झोल पडत नाही. चांगली वायर आहे.

७ मार्च, शुक्रवार
वायरिंग पूर्ण. जोड दाबायची पक्कड वायरमन घेऊन गेला, म्हणून दाताने सोलून, पीळ देऊन, वर टेप. टेप सढळ हाताने वापरला. मी कंजूष नाही.

स्विच दाबला आणि दोन्ही सेट लागले! हिरवे आकडे, आत खरखर, मग कोणत्या तरी भाषेत एक माणूस भांडत होता. अंगावर काटा आला. काकूंनी बिस्कीट दिलं. कॅप्टन म्हणाला, बघू, हाललं की कळेल. म्हाताऱ्यांना कौतुक करायला जड जातं.

टेबलाजवळ जाऊन बसून पाहिलं. खिडकीतून वारा चांगला येतो. खुर्ची जरा बुटकी आहे. बदलून मागेन.

१० मार्च, सोमवार
गाडी फिरवून पाहिली. कॅप्टन चालवायला, मी मागे सेटपाशी. गतिरोधक आला की मोठा सेट बंद. पुढचा आला की चालू. कॅप्टनने मुद्दाम पुन्हा त्याच रस्त्याने नेलं. बंद, चालू, बंद.

मी म्हणालो, रस्ता खराब आहे. कॅप्टन म्हणाला, मी घर याच्यापेक्षा खराब रस्त्यावर नेणार आहे, तिथे माणूसही भेटणार नाही, म्हणून तर सेट.

काही नाही, पीळ सुटले होते. आणखी टेप लावला. आता जोड आवळ्याएवढे दिसतात. मजबुतीला रूप नसतं.

सुतारदादाने दोन बोटांनी जोड दाबून पाहिला. म्हणाला, अरे, पट्टी बांधलीस की वायर जोडलीस? ताप आहे का तिला?

दुर्लक्ष केलं.

१२ मार्च, बुधवार. सकाळी
एक बारीकशी गोष्ट. मोठा सेट ऐकतो, बोलत नाही.

म्हणजे सगळ्या जगाचं ऐकू येतं, कसं लख्ख. पण कॅप्टनने हातातल्या माइकचं बटण दाबून हॅ म्हटलं की सेट विझतो. लो म्हणेपर्यंत अंधार. मग आपोआप पुन्हा लागतो. पुन्हा हॅ, पुन्हा अंधार.

काकू म्हणाल्या, असाच राहू दे बाबा. ऐकणारा आणि उलट न बोलणारा. मला आयुष्यात असला मिळाला नाही.

कॅप्टन हसला नाही. साहेब वाट पाहत असेल म्हणाला.

तीच तारीख, संध्याकाळी
कारणं शोधली. माइक खराब असू शकतो. एरियल वाकडी असू शकते. हवा ढगाळ आहे. सेट म्हातारा आहे. कॅप्टन म्हातारा आहे. वायरिंगचा प्रश्नच येत नाही, कारण वायरिंग चुकलं असतं तर ऐकूही आलं नसतं. कॅप्टनलाही हेच पटवलं. वायर माझीच टाकलीस ना, असं त्याने विचारलं. मी मान हलवली. कोणत्या दिशेला हलवली ते त्याचं त्याने पाहावं.

कॅप्टनला उघडून पाहायचं होतं, पण कपाटांच्या पाठी मी स्क्रूने बंद केल्यात आणि वर सुतारदादाने पॉलिश मारलंय. पॉलिशला नख लागलं तर खबरदार, असं सुतारदादाने सगळ्यांना बजावलंय. देव त्याचं भलं करो. पहिल्यांदाच उपयोगी पडला.

१४ मार्च, शुक्रवार
सापडलं! मीच शोधून काढलं.

कॅप्टन फार मोठ्याने बोलतो. जहाजावरची सवय. मी म्हटलं, कॅप्टनसाहेब, जरा हळू बोलून बघा, पाळण्यात बाळ झोपलंय असं समजून. त्याने तोंड माइकला लावून कुजबुज केली. सेट टिकला! कुजबुज गेली, पलीकडून कोणीतरी उत्तर दिलं!

मालकांना लगेच बोलावून दाखवलं. मालक खूश. म्हणाले, बरा आहेस की रे. टेबल पुसून घेतलं. जुन्या वायरमनचं स्टिकर नखाने काढलं, निम्मं निघालं.

कॅप्टन माझ्याकडे पाहत होता, बराच वेळ. कौतुकाने असावं.

१६ मार्च, रविवार
आईचा फोन. म्हटलं, आई, माझ्या कामाचं नाव आता सात समुद्रापार जाणार. अक्षरशः. मी जोडलेल्या वायरमधून माणसं देशोदेशी बोलतायत. आई म्हणाली, बरं झालं रे बाबा, पण मी काय म्हणत होते, ती आपल्या माजघरातली... तेवढ्यात मला टेबलाची खुर्ची आठवली, ती सांगितली. मग फोन ठेवायची वेळ झाली.

आई हल्ली कमी बोलते. वय.

१७ मार्च, सोमवार
हजेरीला मी मुद्दाम गाडीत जाऊन बसलो, आपल्या कामाचं यश पाहायला. कॅप्टन ब्लँकेट डोक्यावर घेऊन कुजबुजत होता, चोरून प्रेम करावं तसा. सोबती सगळे विचारत होते, घसा बसलाय का, बायको झोपलीय का, की कर्ज काढून लपून बसलायस. एकाने काहीतरी जुना जहाजावरचा किस्सा सांगितला. कॅप्टनला हसू आलं. हा म्हटल्याबरोबर सेट विझला. मग त्याने पुढचे किस्से तोंडात रुमाल कोंबून ऐकले.

एक नवा नियम मी काढून दिला: हसू आलं तर बटण सोडून हसावं.

मग जुना साहेब आला. आवाज कापरा. आहेस का रे, आहेस का, म्हणून विचारत राहिला. कॅप्टन कुजबुजत राहिला, आहे, आहे. साहेबाला ऐकूच जाईना. कानाने कमी. शेवटी कॅप्टनला राहवलं नाही, त्याने आहे! म्हणून मोठ्याने सांगितलं. म्हणजे ‘आ’ सांगितला. ‘हे’ अंधारात गेलं.

पाहिलं तर सेट माझ्या नियमाने चालतोय. साहेबच नियमात बसत नाही. त्याला मी काय करणार.

१९ मार्च, बुधवार
गडबड आहे. साहेबाने सोबत्यांना सांगितलंय की कॅप्टन फार आजारी आहे, बायको लपवतेय, त्याला शेवटची उचकी लागलीय, आपण स्वतः ऐकली. काल साहेबाने चहा घेतला नाही. आज हजेरीलाच आला नाही. त्याच्याकडे फोन नाही. डोंगरातल्या माणसाला निरोप द्यायचा तर याच सेटवरून.

मी कॅप्टनला सुचवलं की साहेबाला कानाचं यंत्र घेऊन द्यावं. काकू म्हणाल्या, अरे, तुला कानाचं यंत्र घेऊन द्यायला पाहिजे.

कॅप्टन बाहेर गेला, तोंड धुतलं, आणि टॉवेल वाळत घालायला शेडमागे गेला. बराच वेळ आला नाही. मी बघायला गेलो. तो खांबापाशी उभा होता. एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात लाल वायर. वायरीवर त्याचं स्वतःचं बनियन वाळत होतं.

मी म्हणालो, मजबूत आहे ना?

२० मार्च, गुरुवार
सकाळपासून बोलणी खाल्ली. क्रम असा: मालक, सुतारदादा, मालक, काकू, पुन्हा सुतारदादा. कॅप्टन तेवढा ओरडला नाही. तो म्हणाला, कपडे काढ, वायर सोड, स्क्रूड्रायव्हर आण. ज्याने टाकलीय तोच काढेल, मी टॉर्च धरतो.

सुतारदादाने डोळे मिटून घेतले आणि कपाटांची पाठ उघडू दिली. आत माझी पांढरी वायर. कॅप्टनने मीटर लावलं आणि मला माइकमध्ये बोलायला लावलं. मी हॅलो म्हटलं आणि मीटरचा काटा दमेकऱ्यासारखा खाली बसला. कॅप्टन म्हणाला, सेटला ऐकायला घोटभर वीज लागते, बोलायला बादलीभर. तू विहिरीत बादलीऐवजी चमचा सोडलायस. कुजबुज चमच्यात मावते, हाक मावत नाही. आणि व्होल्ट कमी असले की वायर बारीक नाही, उलट जाड लागते.

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. कॅप्टन म्हणतो, चार तारखेला सांगितलं होतं. सांगितलं असेल. मला स्पष्ट आठवतं, मी मान हलवली होती.

दुपारपर्यंत उपटलं, संध्याकाळपर्यंत टाकलं. जाड वायर थेट बॅटरीपासून, बॅटरीजवळ फ्यूज, टोकांना कॅप्टनच्या पक्कडीने दाबलेले जोड. त्याने प्रत्येक जोड मला ओढायला लावला, जीव खाऊन. एकही सुटला नाही. वायर वाकवताना मीच एक युक्ती केली, तीही त्याला पसंत पडली. म्हणजे काम शेवटी मीच केलं. त्याने नुसता टॉर्च धरला.

मालकांनी टेबलाचं अजून काही काढलेलं नाही. उद्या गाडी निघताना काढतील. सगळ्यांसमोर.

२१ मार्च, शुक्रवार
सकाळी सगळे गाडीभोवती. कॅप्टनने बटण दाबलं आणि असा आवाज दिला की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. सेट हललासुद्धा नाही. सोबती ओरडायला लागले. कॅप्टनने साहेबाला हाक मारली. खरखर. पुन्हा मारली. काकूंनी हातातला कप खाली ठेवला. तिसऱ्या हाकेला तो कापरा आवाज आला. म्हणाला, अरे गाढवा, जिवंत आहेस?

कॅप्टनने चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला, पुन्हा काढला. साहेबाने सांगितलं, थांब, आधण ठेवतो.

मग कोणीतरी विचारलं, ती उचकी कसली होती. कॅप्टन म्हणाला, एका पोराने वायर टाकली होती. सगळ्या देशांतून हसणं आलं. एक म्हणाला, त्या पोराला आमचा नमस्कार सांगा, आम्ही त्याच्या उचकीवर पैजा लावत होतो. आता हवेत माझ्या वायरिंगच्या पद्धतीला एक नाव पडलंय. कोणी कसंतरी काम उरकलं की म्हणायचं, उचकी जोडलीय.

सात समुद्रापार. मी म्हटलंच होतं.

गाडी निघाली. काकू खिडकीतून म्हणाल्या, मला तो आधीचाच सेट बरा होता रे. आणि बिस्किटांचा अख्खा पुडा माझ्या हातात दिला.

मालकांनी टेबलाचं काढलं. नवा वायरमन सोमवारपासून येतोय.

२५ मार्च, मंगळवार
पॉलिश पेपर. हे तात्पुरतं आहे. नवा वायरमन फार दिवस टिकणार नाही, त्याच्याकडे बघूनच कळतं. त्याला मी जोड ओढून दाखवले. तो म्हणाला, येतं मला.

सुतारदादाने दारांची थप्पी माझ्यासमोर लावली. म्हणाला, ये रे उचकी.

भुसा सगळीकडे जातो. नाकात, कानात, खिशात, खिशातल्या मोबाइलात. निश्चय: मोबाइल डब्यात ठेवायचा. उद्यापासून.

३० मार्च, रविवार
आईचा फोन. मी हॅलो म्हटलं. आई म्हणाली, हॅलो? मी म्हटलं, बोल आई, टेबलाचं असं झालंय की... आई म्हणाली, हॅलो? हॅलो? आवाज येत नाही रे. तिचा मला लख्ख येत होता. फोन हलवला, आपटला, खिडकीबाहेर धरला. मग खाली पाहिलं. माइकचं भोक भुशाने लिंपून गेलंय, सपाट, वर पॉलिश मारल्यासारखं.

आईने फोन ठेवला नाही. बाजूला ताई असावी, माहेरी आलेली. ताईने विचारलं, मग सांगितलंस का त्याला दिव्यांचं? आई म्हणाली, कितीदा सुरुवात केली, तो बोलूच देत नाही. आता नाहीच सांगत. तो गेल्यावर आठवड्याच्या आत पाण्याची मोटर लावली की सगळे दिवे मान टाकायला लागले, जावईबापूंनी अख्खी वायर उपटून जाड टाकली, हे त्याला कळलं तर काय वाटेल. किती हौसेने करून गेला होता. आता तिकडे एवढा हेड झालाय.

ताई म्हणाली, आणि जुनी वायर?

आई म्हणाली, ती काय, कपडे वाळत घालते त्याच्यावर. पण बारीक आहे गं. ओली चादर घातली की तुटते.

मग फोन पुन्हा तोंडाजवळ आणून म्हणाली, हॅलो? बाळा, ऐकतोयस का रे?

ऐकतोय, म्हणून मी ओरडलो. शेजारच्या खोलीतल्यांनी भिंत वाजवली.

आई म्हणाली, गेला वाटतं.